मासा ओळखणारा रसायनशास्त्राचा मास्तर : जे. एल. बी. स्मिथ यांची गोष्ट

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, मासेमारी बंद व्हायला चारपाच दिवस उरले असताना, मी लिलावाची बातमी करायला बंदरावर गेलो होतो. एका ट्रॉलरच्या मालात एक काळपट मासा आला होता. हातभर लांब, डोकं अंगापेक्षा मोठं. खलाशांना नाव विचारलं, तांडेलाला विचारलं, टोपल्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं. कुणालाच नाव सांगता येईना. मी मोबाइलवर समोरून एक फोटो काढला आणि ओळखीच्या एका मत्स्यशास्त्राच्या सरांना पाठवून दिला. बातमी मिळाली म्हणून खूश होतो.

संध्याकाळी सरांचा फोन आला. मासा किती लांब होता, किती वावात मिळाला, पाठीवर पर किती होते, दात कसे होते, असं ते एकेक विचारत गेले. माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. मासा कुठे आहे विचारलं, तर तो कधीच कुटीच्या ढिगात गेला होता. फोटोत नुसतं तोंड दिसत होतं. तो मासा आजपर्यंत बिननावाचाच राहिला.

सर रागावले नाहीत. त्यांनी मला दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाचं नाव सांगितलं आणि त्याच्याबद्दल वाच म्हणाले. वाचलं. वाटलं, हे आपल्या तालुक्यातल्या लोकांनाही सांगायला पाहिजे. मी शेतकरी माणूस, बारावीपर्यंत शिकलेला, शास्त्रातलं फार कळत नाही. पण या गोष्टीत शास्त्राइतकंच बंदर आहे, म्हणून लिहितो.

समुद्रापासून लांब जन्मलेला मुलगा

जेम्स लेनर्ड ब्रायर्ली स्मिथ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८९७ चा. गाव ग्राफ रेनेट. हे गाव दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात येतं. कारू म्हणजे कोरडा, पावसाची वानवा असलेला मुलूख, आपल्याकडच्या माणदेशाची आठवण यावी असा. समुद्र तिथून बराच लांब. वडील पोस्टमास्तर होते. लहानपणी सुट्टीत किनाऱ्यावर गेल्यावर गळ टाकायची गोडी लागली, ती पुढे जन्मभर सुटली नाही.

शिक्षण मात्र रसायनशास्त्राचं झालं. मधेच पहिलं महायुद्ध आलं आणि हा पोरगा सैन्यात गेला. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत मलेरिया झाला, आव झाली, सांधेतापाने धरलं. लढाईत गोळी लागली नाही, पण शरीर कायमचं मोडलं ते तिथेच. पुढे आयुष्यभर ते जेवणाचे कडक नियम पाळून आणि रोज मैलोन् मैल चालून तब्येत सांभाळत राहिले. युद्धानंतर इंग्लंडला केंब्रिजला गेले, डॉक्टरेट घेतली, आणि १९२३ पासून ग्रॅहमस्टाउनच्या रोड्स कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले.

आठवडाभर वर्गात रसायनशास्त्र आणि सुट्टीत समुद्रावर गळ, असं चाललं होतं. गळाला लागलेला मासा ओळखायला पुस्तक उघडलं की त्यांची चिडचिड व्हायची. दक्षिण आफ्रिकेच्या माशांवर जे लिहिलेलं होतं ते अपुरं होतं, आणि साध्या माणसाला उपयोग होईल असं तर नव्हतंच. मग त्यांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली.

मासा ओळखायचा म्हणजे काय करायचं, हे मला सरांनी समजावलं. रंगावर फार जायचं नाही, कारण मेल्यावर रंग उडतो. पाठीवरच्या परात काटे किती आणि मऊ किरण किती ते मोजायचं. अंगाच्या कडेने जी रेघ जाते तिच्यावर खवले किती ते मोजायचं. दात कसे आहेत, कल्ले कसे आहेत, डोळा डोक्याच्या मानाने केवढा आहे, ते बघायचं. आकडे जुळले तर जात जुळली. नाही जुळले तर आधी आपली मोजणी तपासायची, आणि तरीही नाही जुळले तर मात्र हातात काहीतरी नवीन आहे. रसायनशास्त्रातला माणूस मोजमापाला पक्का असतो. १९३१ पासून स्मिथ यांचे माशांवरचे लेख छापून यायला लागले. किनाऱ्यावरच्या छोट्या संग्रहालयांना पगारी तज्ज्ञ परवडत नसे, त्यांचं माशांचं काम हे मानद म्हणून बघायचे. ईस्ट लंडन नावाच्या बंदरातलं संग्रहालय त्यातलंच एक. नाव लंडन असलं तरी ते आहे दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर.

१९३८ साली त्यांनी मार्गारेट मॅकडोनाल्ड यांच्याशी लग्न केलं. हे त्यांचं दुसरं लग्न. मार्गारेट त्यांच्याकडे रसायनशास्त्र शिकलेल्या. पुढे त्याही माशांतच बुडाल्या, माशांची चित्रं काढू लागल्या, मोहिमांवर बरोबर राहिल्या. स्मिथ यांच्या कामातलं निम्मं श्रेय या बाईंचं आहे असं धरायला हरकत नाही.

२२ डिसेंबर १९३८

ईस्ट लंडनच्या संग्रहालयाचा कारभार मार्जरी कोर्टनी-लॅटिमर नावाची तरुण बाई सांभाळत होती. १९३१ साली नोकरीला लागली तेव्हा वय २४. शास्त्राची पदवी नव्हती, त्याआधी तर ती नर्स होण्याच्या वाटेवर होती. पण पाखरं, शंख, झाडं, मासे सगळ्याचा नाद. तिने बंदरावरच्या ट्रॉलरवाल्यांशी ओळख ठेवली होती. काही वेगळं मिळालं तर बाजूला काढून ठेवा, एवढंच तिचं सांगणं. कॅप्टन हेंड्रिक गूसेन हा माणूस ते आठवणीने करायचा.

त्या दिवशी गूसेनची नेरीन ही बोट बंदरात आली. चालुम्ना नदीच्या मुखासमोर सुमारे ४० वाव पाण्यात जाळं ओढलं होतं. गोदीवरून संग्रहालयात फोन आला. मार्जरीबाई एका जुन्या सरपटणाऱ्या प्राण्याची हाडं जुळवत बसल्या होत्या, जायचा कंटाळा आला होता. पण नाताळ तोंडावर आला होता, खलाशांना शुभेच्छा तरी देऊन येऊ म्हणून गेल्या.

डेकवर मुश्या आणि पाकट यांचा ढीग होता. त्याखालून एक निळा पर दिसला. ढीग उपसला तर खाली पाच फुटांचा मासा. निळसर अंग, त्यावर पांढुरके ठिपके, खवले दगडासारखे टणक. पर साध्या माशासारखे अंगाला चिकटलेले नव्हते, मांसल दांड्यांवर बसवल्यासारखे होते, जणू आखूड पायच. शेपटीच्या मधोमध आणखी एक छोटी शेपटी. वजन सुमारे ५७ किलो.

आता हे धूड न्यायचं कसं? टॅक्सीवाला वासाचा मासा गाडीत घ्यायला तयार नव्हता, त्याला कसंबसं पटवलं. संग्रहालयाच्या अध्यक्षांनी बघितलं आणि गोब्र्याच्या जातीतला म्हणून सोडून दिलं. तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. शवागारात विचारलं, नाही म्हणाले. शीतगृहात विचारलं, तिथेही नकार. शेवटी प्राण्यांची कातडी भरणाऱ्या एका कारागिराकडे नेलं आणि फॉर्मलिनमध्ये भिजवलेल्या कपड्यात नि वर्तमानपत्रांत मासा गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्मिथ यांना पत्र लिहिलं आणि सोबत हाताने काढलेलं एक कच्चं चित्र जोडलं.

पत्र पोचायला उशीर झाला

स्मिथ त्या वेळी ग्रॅहमस्टाउनला नव्हते. सुट्टीसाठी नाइस्ना या गावी होते, ईस्ट लंडनपासून पाचशे किलोमीटरहून लांब. नाताळातली टपालाची गर्दी. पत्र हातात पडलं ३ जानेवारी १९३९ ला.

चित्र बघून त्यांना धक्का बसला. असा मासा त्यांनी पाहिला होता, पण तो दगडात उमटलेला. सीलाकँथ नावाचं हे माशांचं घराणं डायनासोरांच्या बरोबर, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलं, असं सगळे शास्त्रज्ञ धरून चालले होते. त्यानंतरच्या खडकांत त्याचा एकही ठसा मिळालेला नव्हता. आणि इथे एक बाई सांगत होती की तो परवा ट्रॉलरमध्ये आला.

त्यांनी ताबडतोब तार केली आणि सांगाडा व कल्ले जपून ठेवायला सांगितले. पण तार पोचली तोवर उशीर झाला होता. उन्हाळ्यात मासा तेल सोडायला लागला होता, सडत होता, म्हणून कारागिराने कातडी सोलून घेतली होती आणि आतलं सगळं टाकून दिलं होतं. काढलेले फोटोही बिघडले. उरली कातडी, खवले आणि कवटी.

यात मार्जरीबाईंची चूक काढता येत नाही. एका बाईने, हाताशी काही सोय नसताना, वरचे लोक हसत असताना, जेवढं वाचवता येईल तेवढं वाचवलं. पण काळीज कसं, आतडी कशी, पाठीचा कणा कसा, हे त्या माशाबरोबर गेलं ते गेलंच.

स्मिथ यांची अवस्था पुढचे काही आठवडे वाईट होती. ते व्यवसायाने रसायनशास्त्राचे मास्तर. जगाला सांगायचं की संपलेला मासा जिवंत आहे, आणि चूक निघाली तर नाव कायमचं बुडालं. त्यांनी जुन्या जीवाश्म माशांचा ग्रंथ मागवला, मार्जरीबाईंकडून खवले मागवून बघितले, चित्र परत परत बघितलं. १६ फेब्रुवारीला ते ईस्ट लंडनला पोचले. माशासमोर उभे राहिले आणि शंका संपली. मार्चमध्ये इंग्लंडच्या नेचर या शास्त्रीय साप्ताहिकात बातमी छापून आली. माशाला नाव दिलं लॅटिमेरिया चालुम्नी. पहिला शब्द मार्जरी कोर्टनी-लॅटिमर यांच्या आडनावावरून, दुसरा त्या नदीवरून. त्यांनी स्वतःचं नाव कुठेही घातलं नाही, हे मला आवडलं.

चौदा वर्षं दुसऱ्या माशाची वाट

मासा ओळखला होता, पण अर्धाच. आतले अवयव बघायचे तर दुसरा मासा हवा. तेवढ्यात दुसरं महायुद्ध लागलं आणि सगळं थांबलं. युद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, स्मिथ यांनी रसायनशास्त्राची चांगली चाललेली प्राध्यापकी सोडली आणि पूर्णवेळ माशांचं काम धरलं. पन्नाशीला आलेला, आजारी माणूस. १९४९ साली त्यांचा दक्षिण आफ्रिकेच्या समुद्री माशांवरचा मोठा ग्रंथ आला. शास्त्रज्ञांसाठी तर तो होताच, पण गळ टाकणाऱ्या साध्या माणसालाही चित्र बघून मासा ओळखता यावा म्हणून केलेला.

नवरा-बायको पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याने मोझांबिकपासून वर फिरत राहिले. एक गोष्ट इथे सांगायला हवी. खडकातले मासे मिळवायला स्मिथ सुरुंग वापरायचे. आपल्याकडे कुणी समुद्रात सुरुंग लावला तर आपण त्याला बरं म्हणणार नाही. त्यांच्या काळात ते चालून गेलं, पण म्हणून ते योग्य होतं असं नाही.

दुसरा सीलाकँथ मिळावा म्हणून त्यांनी एक साधी युक्ती केली. माशाचं चित्र असलेलं पत्रक छापलं. इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत. मासा आणून देणाऱ्याला १०० पौंड बक्षीस. त्या काळी गरीब मच्छीमाराला ही रक्कम डोंगराएवढी. मासा मिळाला तर कापू नका, साफ करू नका, आहे तसा ठेवा, हा त्यातला मुद्दा. पहिल्या वेळचा घाव विसरले नव्हते.

१९५२ मध्ये झांझिबारला त्यांची गाठ एरिक हंट नावाच्या व्यापाऱ्याशी पडली. हंट स्वतःच्या शिडाच्या जहाजातून कोमोरो बेटांपर्यंत व्यापार करायचा. त्याने पत्रकं तिकडे नेली. कोमोरो तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं.

२० डिसेंबर १९५२ च्या रात्री आंजुआन बेटावर अहमदी अब्दल्ला या मच्छीमाराच्या गळाला मोठा मासा लागला. सकाळी तो बाजारात आणला. आता कापणार, तेवढ्यात अफान मोहम्मद नावाच्या शाळामास्तरांनी तो बघितला. त्यांनी पत्रक पाहिलेलं होतं. मासा कापायचा थांबला. हंटचं जहाज बेटाच्या दुसऱ्या बाजूला मुत्सामुदू बंदरात होतं. उन्हातान्हात डोंगर ओलांडून मासा तिकडे नेला. हंटने मीठ लावलं, फॉर्मलिन मिळवून टोचलं आणि स्मिथ यांना तार केली.

तार मिळाली तेव्हा स्मिथ पती-पत्नी मोहिमेवरून परतत होते, जहाज डर्बनला लागलं होतं. पुन्हा नाताळ, पुन्हा सुट्टी, पुन्हा उन्हाळा. चौदा वर्षांपूर्वीचीच वेळ परत आल्यासारखी. या वेळी स्मिथ थांबले नाहीत. त्यांनी थेट पंतप्रधान डी. एफ. मलान यांना गाठलं. मलानही सुट्टीवर होते. त्यांच्याकडे स्मिथ यांचा माशांचा ग्रंथ होता, त्यामुळे माणूस कोण हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी हवाई दलाचं डाकोटा विमान दिलं. एका माशासाठी लष्कराचं विमान!

२९ डिसेंबरला विमान कोमोरोत उतरलं. हंटच्या जहाजावर लाकडी पेटीत मासा ठेवला होता. पेटी उघडून बघायचा स्मिथ यांना धीर होईना. बघितलं, तर खरोखर सीलाकँथ. ५५ वर्षांचा हा कडक स्वभावाचा माणूस गुडघ्यावर बसून रडला. हे त्यांनी नंतर आपल्या पुस्तकात लपवून न ठेवता लिहिलं आहे. अहमदी अब्दल्लाला त्याचे १०० पौंड मिळाले.

चूकही झाली

या दुसऱ्या माशाच्या पाठीवरचा पहिला पर नव्हता. स्मिथ यांना वाटलं, ही वेगळीच जात आहे. त्यांनी पंतप्रधानांच्या नावावरून तिला मलानिया हे नाव दिलं. पुढे कोमोरोत आणखी मासे मिळत गेले तेव्हा लक्षात आलं की जात तीच आहे, त्या एका माशाचाच पर नव्हता. इतका मोठा जाणकार, पण हातात एकच मासा असला की असं होतं. नवं नाव मागे पडलं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. कोमोरोतल्या कोळ्यांना हा मासा आधीपासून माहीत होता. ते त्याला गोम्बेसा म्हणायचे. तेलकट, खायला बेकार, कधीमधी गळाला लागणारा. जगाने ज्याला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला म्हटलं होतं, त्याला तिथल्या लोकांनी नाव देऊन ठेवलं होतं. फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

१९५६ मध्ये स्मिथ यांनी या सगळ्या शोधाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. ती अनेक भाषांत गेली. काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, शेकडो जातींना नावं दिली. पण युद्धात मोडलेलं शरीर आणि कमी होत चाललेली नजर यांनी त्यांना खचवलं. ८ जानेवारी १९६८ ला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. ज्याचं सगळं काम डोळ्यांवर, त्याला डोळे जाण्याची भीती किती मोठी असेल, एवढंच आपण समजू शकतो.

मार्गारेटबाईंनी काम पुढे नेलं. त्यांच्या नेतृत्वाखाली ग्रॅहमस्टाउनला स्मिथ यांच्या नावाने मत्स्यशास्त्राची संस्था उभी राहिली, ती आज वेगळ्या नावाने दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय संस्था म्हणून चालू आहे. मार्जरीबाई २००४ पर्यंत, ९७ वर्षं जगल्या. तो पहिला मासा, म्हणजे त्याची भरलेली कातडी, आजही ईस्ट लंडनच्या संग्रहालयात आहे. पुढे इंडोनेशियात सीलाकँथची दुसरी जात मिळाली, तीसुद्धा १९९७ साली पहिल्यांदा दिसली ती मासळी बाजारात, हातगाडीवर.

आपल्या बंदरावर

स्मिथ यांचं आयुष्य वाचून मला माझा तो फोटो आठवला. स्मिथ यांना जे दहा-बारा दिवस उशिरा कळलं, ते आज मोबाइलमुळे दहा-बारा मिनिटांत कळू शकतं. मला तर फोन हातात असून जमलं नाही.

म्हणून आता मी खिशात कापडी टेप ठेवतो. अनोळखी मासा दिसला की आडवा ठेवून, डोक्यापासून शेपटीपर्यंत दिसेल असा एका कुशीचा फोटो काढतो, बाजूला टेप पसरून. मग तोंड उघडून दातांचा, पाठीच्या परांचा आणि पोटाच्या बाजूचा. बोट कुठे होती, किती वावात, कोणतं जाळं, हे तांडेलाला विचारून लिहून घेतो. म्हाताऱ्या कोळणींना गावातलं नाव विचारतो, कारण शास्त्रज्ञाच्या आधी ते त्यांना ठाऊक असू शकतं. आणि मासा न कापता बर्फात ठेवायला सांगतो. एका माशाची टोपलीतली किंमत मी खिशातून द्यायला तयार असतो, सहसा ती शंभराच्या आतच असते.

दहा वेळेला मासा साधाच निघतो. तीन वेळा तर पोरं मला हसली. पण जेट्टीवर आता निदान चार खलाशी असे आहेत की वेगळं काही दिसलं तर कुटीत टाकण्याआधी मला फोन करतात. यंदा १ ऑगस्टला होड्या पुन्हा बाहेर पडतील. आपल्या गावच्या बंदरावर कुणी असं काम करायला तयार असेल, तर या पोर्टलच्या कार्यालयात नाव द्यावं. सरांनी माशांची माहिती कशी लिहून ठेवायची ते अर्ध्या दिवसात शिकवायचं कबूल केलं आहे. शिक्षणाची अट नाही.